चवळी, कोलार्डचा पाला आणि भात : अमेरिकेच्या दक्षिणेतलं जेवण घरी कसं जमवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अटलांटात राहायला आल्यावर पहिल्याच 1 जानेवारीला शेजाऱ्यांना इथल्या पद्धतीचं जेवण घालायचं ठरवलंत. काळ्या डोळ्याची चवळी, कोलार्डचा पाला आणि भात. चवळीची उसळ झाली, पाला कडवट आणि चिवट राहिला, भात गिच्च झाला. यंदा आठ माणसं आहेत, त्यांतली दोघं शाकाहारी, आणि जेवण खरोखर इथलं वाटायला हवंय.

मी साउथ कॅरोलायनात बरीच वर्षं हे जेवण रांधते आहे, घरीही आणि केटरिंगच्या स्वयंपाकघरातही. मराठी घरांतून मला येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच तीन असतात आणि तिन्हींचं मूळ एकच असतं. आपण चव तेलात बांधतो. फोडणी, तिच्यात कांदा, मग मसाला, मग कडधान्य. इथे चव पाण्यात बांधतात. आधी पाणी चवदार करायचं, त्या पाण्यात चवळी शिजवायची, त्याच पाण्यात पाला शिजवायचा, आणि चवळीचं उरलेलं पाणी भाताला वापरायचं. म्हणून या स्वयंपाकात मोरीत पाणी ओतण्याआधी दोनदा विचार करायचा. कडधान्य भिजवल्याचं पाणी तेवढं टाकायचं, बाकी सगळं पोटात जायला हवं.

तेव्हा हळद, जिरं, हिंग, गोडा मसाला या वेळी डब्यातच राहू द्या. थोडीशी हळदसुद्धा नको, कारण ती पडली की चवळी लगेच आपली होते. इथला मसाला अगदी मोजका : काळी मिरी, सुकी लाल मिरची किंवा तिखट, लसूण, थाइम आणि बे लीफ. बे लीफच्या जागी आपलं तमालपत्र मात्र घालू नका. ते वेगळ्या झाडाचं पान आहे, त्याला दालचिनीचा वास असतो आणि तो चवळीत लगेच ओळखू येतो. बे लीफ नसेल तर काहीच न घातलेलं बरं.

आता पाणी. पारंपरिक घरांत ते डुकराच्या खारवून धुरावलेल्या मांसाचं असतं, बहुधा पायाच्या सांध्याजवळच्या तुकड्याचं. आज दक्षिणेतल्या पुष्कळ घरांत, विशेषतः डुकराचं मांस किंवा जास्त चरबी टाळणाऱ्यांकडे, स्मोक्ड टर्कीचे पंख किंवा मानेचे तुकडे वापरतात. अटलांटातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात ते मिळतील. दोन पंख, एक कांदा अर्धा करून, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, एक बे लीफ आणि साडेतीन लिटर पाणी. उकळी आली की आच मंद करा आणि दीड-दोन तास तसंच राहू द्या. शेवटी साधारण तीन लिटर पाणी उरतं. मीठ घालायची घाई करू नका. धुरावलेलं मांस स्वतःच खारट असतं आणि तो खारटपणा पाण्यात हळूहळू उतरतो. चाखून बघायचं ते एका तासानंतर.

तुमच्याकडे दोन शाकाहारी पाहुणे आहेत म्हणून माझा आग्रह असा, की त्यांच्यासाठी वेगळी छोटी पातेली चढवू नका. सगळं जेवणच शाकाहारी पाण्यात करा आणि टर्की वेगळी शिजवून, तिचे धागे काढून, शेजारी वाडग्यात ठेवा. ज्याला हवी तो वरून घेईल. वेगळ्या छोट्या भांड्याकडे यजमानाचं लक्ष कमी जातं आणि त्या दोघांच्या वाट्याला कायम फिकट चवळी येते. शिवाय इथल्या हॉटेलांत ही माणसं आधीच फसत असतात. भाजीच्या यादीत लिहिलेला पाला, घेवड्याच्या शेंगा, चवळी, सगळ्यांत बहुतेकदा डुकराचं मांस असतंच. कोणी मुद्दाम लपवत नाही, ते इतकं गृहीत असतं की सांगायचं सुचत नाही. विचारल्याशिवाय शाकाहारी किंवा मुसलमान पाहुण्याने दक्षिणेत पाला खाऊ नये.

शाकाहारी पाण्याला अंग यायला तीन गोष्टी लागतात : करपण्याच्या अलीकडचा कांदा, वाळलेले मशरूम आणि धूर. दोन मोठे कांदे आडवे अर्धे कापा आणि कोरड्या बिडाच्या तव्यावर कापलेली बाजू खाली करून ठेवा. ती जवळजवळ काळी होईपर्यंत हलवू नका. लसणाचा अख्खा गड्डा आडवा कापून तसाच भाजा. हे दोन्ही, पंधरा-वीस ग्रॅम वाळलेले शिताके, मिरीचे दहा-बारा दाणे, मिरच्या आणि बे लीफ साडेतीन लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळू द्या. गाळताना कांदा चमच्याने दाबून त्याचा रस काढा. मग दोन चमचे स्मोक्ड पॅप्रिका थोड्या गरम तेलात क्षणभर फिरवून त्यात घाला. कोळशाचा धुंगार द्यावा का, असं बरेच जण विचारतात. मी देत नाही. कोळसा आणि तूप यांचा वास थेट उत्तर हिंदुस्थानी डाळीकडे नेतो. हिकरीच्या लाकडाच्या धुराची चव वेगळी असते आणि स्मोक्ड पॅप्रिका तिच्या जास्त जवळ जाते. बाटलीतला लिक्विड स्मोक वापरायचा असेल तर तीन लिटरला चार-पाच थेंब, त्याहून जास्त नाही. मांसाबरोबर जी चरबी आली असती तिची जागाही भरायला हवी. पाल्यात तीन मोठे चमचे लोणी किंवा तेल पडलंच पाहिजे, नाहीतर पाणी पातळ आणि जिभेला रिकामं लागतं.

चवळीकडे येऊ. काळ्या डोळ्याची चवळी म्हणजे आपलीच चवळी, तेच कडधान्य. त्याची लागवड आफ्रिकेत सुरू झाली, आणि अमेरिकेत ते पोचलं गुलामांच्या जहाजांबरोबर. मात्र चार्ल्स्टन आणि सवाना यांच्या आसपासच्या किनारपट्टीवर, ज्याला इथे लोकंट्री म्हणतात, या चवळी घालून केलेल्या भातासाठी मुळात पांढरी नाही तर बारीक लाल चवळी वापरत. 1847 साली चार्ल्स्टनच्या एका बाईंनी छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात हॉपिन जॉन या नावाने जी कृती आहे तीही लाल चवळीचीच आहे : चवळी आणि तांदूळ सारख्या मापाने, आणि त्यांत एक पाउंड बेकन. जॉर्जियाच्या सॅपेलो बेटासारख्या ठिकाणी ही लाल चवळी अजून पेरतात. ती महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही. पण भारतीय दुकानातली बारीक लाल चवळी तिच्या बरीच जवळची आहे, आणि काळ्या डोळ्याच्या चवळीपेक्षा तिचं पाणी जास्त दाट, मातकट आणि सुंदर तांबूस होतं. आठ माणसांसाठी मी अर्धी काळ्या डोळ्याची आणि अर्धी लाल घेईन, वेगवेगळ्या भांड्यांत शिजवून. लालीचं पाणी भाताला जाईल, आणि काळ्या डोळ्याची रसासकट वाडग्यात वाढता येईल. काळा डोळा नसला तर नववर्षाच्या दिवशी पाहुण्यांना चुकल्यासारखं वाटतं, तेही खरं.

एकूण 450 ग्रॅम, म्हणजे इथली एक पाउंडाची पिशवी होईल एवढी कोरडी चवळी. तिला रात्रभर भिजवायची गरज नाही, चार तास पुरतात. दोन्ही रंगांची वेगळी भिजवा, एका लिटर पाण्याला एक मोठा चमचा मीठ या हिशेबाने. मिठाने कडधान्य शिजत नाही हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या ऐकत आलोय, पण भिजवण्याच्या पाण्यातल्या मिठाचं काम उलट आहे. सालीतल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने घट्ट बांधून ठेवलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. म्हणून दाणा फुटत नाही आणि आत मात्र लोणी होतो. कडधान्याला अडवतात ते आंबट पदार्थ आणि जड पाणी. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीही दाणा पूर्ण मऊ होईपर्यंत भांड्याच्या जवळ आणू नका. एवढं करूनही दाणा तासाभरात शिजला नाही तर चवळी जुनी आहे, तुमचा काही दोष नाही. पुढच्या वेळी जास्त खप असलेल्या दुकानातून घ्या.

कुकर लावायचा मोह होईल, पण लावू नका. कुकरमध्ये चवळी शिजते, पण आतले दाणे एकसारखे राहत नाहीत, काही फुटतात आणि पाणी गढूळ पिठूळ होतं. उसळीला ते चालतं, भाताला नाही. रुंद पातेल्यात चवळीवर दोन बोटं येईल इतकं ते तयार पाणी घाला, थाइमच्या दोन काड्या टाका, उकळी आली की वर आलेला फेस काढा आणि आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर एखाद-दुसराच बुडबुडा येईल. भिजवलेली चवळी पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांत होते, लाल थोडी जास्त घेते. पंचवीस मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी एक दाणा दाबून बघत जा. भातात जाणारी चवळी मऊ पण अख्खी असतानाच काढायची, कारण तिला भाताबरोबर पुन्हा शिजायचंय. वाडग्यात वाढायची असेल ती आणखी दहा मिनिटं ठेवा, पळीभर दाणे भांड्याच्या कडेला चेपून परत मिसळा, म्हणजे रस दाटतो. कॉर्नफ्लोर किंवा बेसन लावायची काही गरज नाही.

भात करताना आधी चवळी गाळा आणि पाणी मोजा. इथे बहुतेकांचा तोल जातो. दोन कप लांब दाण्याचा तांदूळ घ्या आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, निदान चार-पाच वेळा. धुतलेला तांदूळ पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्या. जाड बुडाच्या भांड्यात दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल, त्यात एक कांदा, सेलरीचा एक दांडा आणि अर्धी ढोबळी मिरची, सगळं अगदी बारीक चिरून. रंग न येऊ देता मऊ करा. तांदूळ घालून दोन-तीन मिनिटं परता, दाणा कडेने पारदर्शक झाला की पुरे. मग तीन कप शिजलेली चवळी आणि साडेतीन कप तिचं उकळतं पाणी. पाणी चाखा. ते नुसतं प्यायला किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ बरंच मीठ ओढून घेतो. एक उकळी, एकदाच हलवणं, घट्ट झाकण, सर्वांत मंद आच, अठरा मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण तसंच ठेवा. मध्ये उघडून बघू नका. शेवटी काट्याने खालून वर हलका मोकळा करा, डावाने नाही.

1847 च्या कृतीतही हाच क्रम आहे : भात उकळून झाल्यावर भांडं चुलीवरून उतरवून निखाऱ्यावर वाफेला ठेवायचं. लोकंट्रीतल्या भाताची खूण म्हणजे सुटा दाणा. तिथल्या जुन्या घरांत नुसता भातसुद्धा खास वाफेच्या भांड्यात करत. गिच्च भात वाढला तर चार्ल्स्टनचा माणूस काही बोलणार नाही, पण पुन्हा घेणारही नाही.

तांदूळ कुठला घ्यायचा, यावर माझं मत ठाम आहे. बासमती नको. त्याचा वास चवळीच्या वर बसतो आणि दाणा इतका लांबतो की बिर्याणीची आठवण येते. इंद्रायणी, आंबेमोहर हे चिकट, त्यामुळे तेही नकोत. अमेरिकेत मिळणारा साधा लांब दाण्याचा पांढरा तांदूळ उत्तम. भारतात हे करणाऱ्यांना मी जुना कोलम सुचवते, पाणी अर्धा कप कमी करून. आणि एकदा तरी कॅरोलायना गोल्ड मिळवून बघा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चार्ल्स्टन श्रीमंत झालं ते याच तांदळावर. भरतीच्या पाण्यावर चालणारी ती शेतं, बांध, पाणी सोडायची दारं, सगळं पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या हातांनी उभं राहिलं, आणि भातशेतीचं ज्ञानही त्यांच्यातल्या अनेकांनी आपल्या गावांतून बरोबर आणलं होतं. गुलामगिरी संपली तशी ती शेती मोडत गेली, वादळांनी उरलीसुरली नेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला धंदा थांबला. 1980 च्या दशकात हे बियाणं पुन्हा लावलं गेलं. दाणा थोडा आखूड, चव गोडसर, जवळजवळ कणसासारखी. रोजच्याला परवडणार नाही, पण वर्षातून एकदा घ्यावा.

1 जानेवारीचं हे जेवण नशिबासाठी खातात असं सगळीकडे सांगितलं जातं : चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, मक्याचा पाव म्हणजे सोनं. ते ठीकच आहे. पण कृष्णवर्णीय घरांत या दिवसाला आणखी एक वजन आहे, ते तुम्हाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. गुलामगिरीच्या काळात 1 जानेवारी हा माणसं भाड्याने देण्याचा आणि कर्जापायी विकण्याचा दिवस होता, कुटुंबं त्या दिवशी तुटत. मग 1862 च्या 31 डिसेंबरच्या रात्री लोक चर्चमध्ये जागत बसले, कारण दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 1863 ला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात येणार होती. आजही अनेक चर्चमध्ये त्या रात्री जागरण होतं. तुमचे शेजारी त्या परंपरेतले असतील तर त्यांच्या घरी चवळी कशी करत हे नक्की विचारा. माझ्या कृतीपेक्षा त्यांच्या आजीची कृती जास्त मोलाची. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर गल्ला गीची समाज आहे, त्यांनी हा भात, ही चवळी, हे रांधणं जपलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

आता पाला, म्हणजे तुमची दुसरी तक्रार. कोलार्ड ही कोबी, फुलकोबी, नवलकोल यांच्याच जातीची, गड्डा न धरणारी वनस्पती. काश्मीरचा हाक तिचाच सख्खा. पान जाड, मेणचट, निळसर हिरवं. याची आपल्या सवयीची परतलेली पालेभाजी करायला गेलं की ती कडू आणि चिवट होणारच. मेथी-पालकाचं मोजमाप इथे लावायचं नाही. हा पाला भरपूर चवदार पाण्यात, झाकण ठेवून, पाऊण तास तरी शिजतो.

आठ जणांना एक किलो पाला, म्हणजे दोन मोठ्या जुड्या. पातेल्यात डोंगर दिसेल, घाबरू नका, चौथाई होतो. थंडीत, पाल्यावर एक-दोन दव गोठलेल्या रात्री जाऊन गेल्यावर आणा, तेव्हा रोपात साखर वाढलेली असते आणि पानाला गोडी येते. जानेवारीचं जेवण आणि कोलार्ड यांचं जमतं त्याचं हेही एक कारण. साउथ कॅरोलायनाने 2011 मध्ये कोलार्डला राज्याची भाजी केलं, आणि ज्याने तिथला डिसेंबरातला पाला खाल्लाय त्याला त्यात नवल वाटणार नाही.

पान उलटं धरा, मधला जाड देठ सुरीने किंवा हाताने ओढून काढा. कोवळ्या पानाचा ठेवला तरी चालतो, मोठ्याचा ठेवायचा नाही, कडूपणा आणि चिवटपणा अर्धा तिथेच असतो. मग धुणं. भांडभर पाण्यात पानं बुडवून हलवायची आणि पानं वर उचलायची, पाणी ओतून द्यायचं नाही, नाहीतर खाली बसलेली वाळू परत पानांवरच येते. तळाशी वाळूचा कण दिसेनासा होईपर्यंत, बहुधा तीनदा. पानं एकावर एक ठेवून वडीच्या उंड्यासारखी गुंडाळा आणि बोटभर रुंद पट्ट्या कापा.

मोठ्या पातेल्यात लोणी किंवा तेल, एक कांदा, चार पाकळ्या लसूण, अर्धा चमचा लाल मिरचीचा चुरा. कांदा मऊ झाला की सव्वा लिटर तयार पाणी, उकळी, आणि पाला मूठमूठ करत आत. झाकण ठेवून मंद आचेवर पंचेचाळीस मिनिटं ते सव्वा तास. पाला केव्हा झाला ते घड्याळ सांगत नाही, जीभ सांगते : चावताना पान रेशमी लागलं, दातांना करकर लागली नाही, की झाला. रंग गडद शेवाळी होणार, तो तसाच हवा. हिरवा राखायला सोडा घालू नका, पानाचा चिखल होतो. मीठ शेवटच्या वीस मिनिटांत, चिमूटभर साखर, आणि गॅस बंद केल्यावर एक मोठा चमचा सायडर व्हिनेगर. कडवटपणा उरला असेल तर आधी मीठ बघा. कडू लागणाऱ्या पाल्यात बहुतेक वेळा मीठच कमी असतं.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी : नवलकोलाची पानं सर्वांत जवळची, फुलकोबीचा कोवळा पाला आणि कोबीची बाहेरची हिरवी पानंही चालतात, बाजारवाले ती फेकूनच देतात. मोहरी आणि सलगमचा पाला दक्षिणेतही खातात, तो थोडा मिसळला तर तिखटसर चव येते, वेळ अर्धा लागतो. पालक मात्र नाही.

पाला शिजून खाली जे हिरवं, धुरकट, किंचित आंबट पाणी उरतं ते या सगळ्या जेवणाचं सत्त्व आहे. त्याला पॉट लिकर म्हणतात. पाला मालकाच्या टेबलावर जायचा आणि भांड्यातलं पाणी गुलामांच्या वाट्याला यायचं, असं इथली जुनी माणसं सांगतात, आणि पाल्यातून पाण्यात उतरणारी सगळी जीवनसत्त्वं त्यांच्याच पोटात जायची. पुढे या पाण्याला असा मान मिळाला, की 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटाचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे वर्तमानपत्र यांच्यात मक्याचा पाव त्यात बुडवून खावा की कुस्करून, यावर कितीतरी दिवस वाद रंगला. लाँग बुडवणारे, संपादक कुस्करणारे. मी कुस्करते, कारण पाव पाणी ओढून घेतो तरी त्याचे काठ थोडे कडक राहतात. पाहुण्यांना पाल्याबरोबर एकेक छोटी वाटी हे पाणी नक्की द्या. घरात कोणी रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असेल तर मात्र त्यांना आधी विचारा. कोलार्डमध्ये के जीवनसत्त्व फार असतं आणि ते एकदम जास्त खाल्लं तर औषधाचा परिणाम कमी होतो.

मक्याच्या पावाबद्दल थोडक्यात. दोन कप जाडसर मक्याचं पीठ, एक चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. दोन अंडी, दीड कप इथलं घट्ट ताक आणि तीन चमचे वितळलेलं लोणी एकत्र करून त्यात ओता. बिडाचा खोलगट तवा 230 अंश सेल्सियसच्या (इथल्या ओव्हनवर 450 फॅरनहाइट) ओव्हनमध्ये आधी वीस मिनिटं तापवा, त्यात दोन चमचे तेल सोडा आणि चर्र आवाज येईल असं मिश्रण ओता. वीस-बावीस मिनिटं. तो आवाज आला नाही तर खालची कुरकुरीत साल येत नाही. ताकाऐवजी दही थोडं पाणी घालून फेटलेलं चालेल, आपलं पातळ ताक नको. शाकाहारी पाहुणे अंडंही खात नसतील तर अंड्यांच्या जागी अर्धा कप दही, पाव जरा भुसभुशीत होईल इतकंच. भारतातल्या दुकानात पाकिटावर कॉर्नफ्लोर लिहिलेलं पांढरं पीठ म्हणजे नुसता स्टार्च, ते अजिबात नको. साखर घालायची की नाही यावर दक्षिणेत घराघरांत वेगळं मत आहे. मी घालत नाही, पाल्याच्या पाण्याबरोबर बिनसाखरेचा पाव जास्त चांगला लागतो.

टेबलावर आणखी दोनच गोष्टी लागतात. कच्चा कांदा बारीक चिरून, तो चवळीवर. आणि मिरचीचं व्हिनेगर, ते आठवडाभर आधी करून ठेवा : स्वच्छ बाटलीत लवंगी मिरच्या टोचे देऊन भरा, थोडं मीठ, वरून उकळतं पांढरं व्हिनेगर, गार झाल्यावर झाकण आणि फ्रिज. प्रत्येकाने आपल्या पाल्यावर हवं तेवढं शिंपडायचं. आपल्या माणसांना तिखटाची उणीव भासते ती या बाटलीने भरून निघते, स्वयंपाकात मिरची वाढवायला नको.

तुम्ही शेवटी विचारलंत, राजमा वापरला तर? तो वेगळा पदार्थ, न्यू ऑर्लिन्सचा रेड बीन्स आणि राइस. तिथे तो सोमवारचा. रविवारच्या हॅमचं हाड उरलेलं असे, सोमवार कपडे धुण्याचा, मग पातेलं दिवसभर आपोआप शिजत राही. तिथलेच जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांखाली सहीआधी या पदार्थाचं नाव घालत, इतका तो त्यांच्या जिवाचा. त्यात चवळीसारखा दाणा अख्खा ठेवायचा नसतो. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची यांत राजमा दोन-अडीच तास शिजवून, चौथा भाग चेपून, दाट मऊ करायचा आणि वेगळ्या पांढऱ्या भातावर वाढायचा. एक काळजी घ्यायची : कच्च्या राजम्यात विषारी लेक्टिन असतं. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, आणि सुरुवातीला अर्धा तास खळखळून उकळा. भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. तिथली ऊब ते विष मारायला पुरत नाही. चवळीला हे भय नाही.

वेळ कशी बसवायची : पाणी आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. पालाही आदल्या दिवशी शिजवला तर दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, व्हिनेगर तेवढं परत गरम केल्यावर घाला. सकाळी चवळी भिजत घाला, पाहुणे यायच्या दोन तास आधी चढवा. भात त्यांच्या डोळ्यांदेखत वाफेवर असू दे, आणि पाव शेवटी.

भात उरला तर पसरट ताटात पसरून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, तो रात्रभर ओट्यावर राहिला तर पोट बिघडतं. दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर थोड्या लोण्यात, खाली खरपूस होईपर्यंत परता. चवळी उरली तर तिच्या रसासकट गोठवा, नुसती गोठवली की दाणे कोरडे पडतात. पाल्याचं पाणीही डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या खेपेला चवळी त्यातच शिजवता येईल.